बाथ ते प्यूझी: एप्रिलच्या लहरी हवेत कालव्याकाठून सायकलनं

इंग्लंडात एप्रिलमध्ये दिवसभरासाठी सायकल काढायची असेल, तर अंगात काय घालायचं याच्या आधी कुठल्या दिशेनं जायचं ते ठरवा. पाऊस येणारच आहे. तो येतो, दहा मिनिटं झोडपतो आणि निघून जातो. वारा मात्र दिवसभर सोबतीला असतो आणि इथे तो बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. म्हणून आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलो: बाथहून निघून केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठानं डिव्हायझेस आणि तिथून खेड्यांतल्या रस्त्यांनी प्यूझी. सगळं मिळून पस्तीसेक मैल, म्हणजे पंचावन्न-छप्पन किलोमीटर. हीच वाट उलटी करणारी मंडळी समोरून येताना दिसतात. त्यांचे चेहरे बघितले की जास्त समजवावं लागत नाही.

सोबत माझा आतेभाऊ होता. नोकरीसाठी नुकताच स्विंडनला आलाय. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे मासळीची चिंता मिटली, पण गाडी अजून घेतलेली नाही. जुनी घेतलेली साधी सायकल, तिच्यावरच कामाला जाणं आणि तिच्यावरच भाजी आणणं. "दादा, चढ किती आहे?" एवढा एकच प्रश्न त्यानं विचारला. हा पल्ला मुळात अशाच लोकांसाठी आहे. पाणी सपाटीवर ठेवावं लागतं, त्यामुळे काठची वाटही सपाट. चढ सगळा लॉकपाशी, म्हणजे नावा वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांपाशी, साठवलेला.

बाथ स्टेशनच्या मागच्या बाजूनं पादचारी पुलावरून नदी ओलांडली की विडकम. कालवा तिथेच नदीला मिळतो. सिडनी गार्डन्समध्ये दोन छोटे बोगदे आणि १८०० सालचे लोखंडी पूल आहेत. बघायला सुरेख, पण वाट अरुंद आणि शनिवारी-रविवारी माणसांनी भरलेली. तिथे सायकलवरच बसून जायचा हट्ट धरू नका, सायकल हातात घेऊन चाला. बाथॅम्प्टन मागे पडलं की मोकळं होतं.

ही वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती हे चालवताना सारखं जाणवतं, कारण बऱ्याच ठिकाणी रुंदी जेमतेम घोड्यापुरतीच आहे. पहिला हक्क चालणाऱ्यांचा. घंटी लांबूनच दोनदा वाजवायची, अगदी पाठीशी येऊन नव्हे. पुलाखाली वळणापलीकडचं काही दिसत नाही, तिथे वेग पार कमी करायचा. नावेत राहणाऱ्यांची लाकडं, हातगाड्या, कधी कुंड्याही वाटेच्या कडेला असतात, तर मासे धरणाऱ्यांचे लांबच लांब गळ वाट अडवून आडवे असतात. एप्रिलमध्ये हंसांची घरटी असतात. नर मान खाली घालून फुसफुसायला लागला, तर उतरायचं, सायकल आपल्या नि त्याच्या मध्ये धरायची आणि गुमान पुढे जायचं.

डंडास इथे कालवा दगडी पुलावरून एव्हन नदी आणि रेल्वे दोन्ही ओलांडतो. पाण्याखाली पाणी आणि शेजारी आगगाडी, थोडा वेळ थांबण्यासारखी जागा आहे. पुढच्या झाडीत रानलसूण उगवलेली होती. ऊन पडलं की तिचा वास असा उठतो, जणू कुणी कोवळ्या पातीची फोडणी घातलीय. ॲव्हनक्लिफला वाट बाजू बदलते. खाली उतरून पुलाखालून पलीकडे चढायचं. उतार तीव्र आहे आणि ओला असला की घसरडा, तिथे ब्रेक जपून लावा.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत वाट चांगली ठोकलेली आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे, चहा आहे, चौदाव्या शतकातलं धान्याचं प्रचंड दगडी कोठार आहे. लहान मुलं बरोबर असतील तर इथूनच गाडीनं परतावं, दिवस वाया गेला असं वाटणार नाही. पुढे खडी जास्त, डबकी जास्त आणि माणसं कमी.

सेमिंग्टनच्या पुढे आभाळ काळवंडलं आणि गारा सुरू झाल्या. पाच मिनिटांपूर्वी आम्ही उन्हामुळे जॅकेट काढलं होतं. पहिल्या पुलाखाली घुसलो. तिथे आधीच एक आजोबा आणि त्यांचा भिजलेला कुत्रा उभे होते. आजोबा म्हणाले, "लव्हली डे," आणि हसले नाहीत. पुलाच्या कोपऱ्यावर नावा ओढायच्या ओल्या दोरांनी घासून पडलेले चरे आहेत. बोट घातलं तर आत जातं. कालवा १८१० मध्ये पुरा झाला, मग रेल्वे आली नि तो मागे पडला, पार मोडकळीला आला आणि लोकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केल्यावर १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. भावानं तेवढ्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. पुलाखालचा वेळ असा वापरावा.

कपड्यांबद्दल इतकंच सांगतो: एक जाड कपडा नको, तीन पातळ हवेत, आणि बोटं झाकणारे हातमोजे हवेतच. सकाळी तीन-चार अंश, दुपारी चौदा. पण रेनकोटपेक्षा मडगार्ड महत्त्वाचं. वरून पडणारं पाणी थांबतं, चाकानं पाठीवर उडवलेला चिखल थांबत नाही. टायर निदान ३५ मिलिमीटरचे घ्या. ही खडीमिश्रित राड चेन खाते, घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या.

डिव्हायझेसच्या अलीकडे केन हिल. एकूण २९ लॉक, त्यांतले सोळा एका रेषेत पायऱ्यांसारखे टेकडीवर चढत गेलेले, त्यांच्या बाजूला पाणी साठवायची तळी. दोन मैलांत ७२ मीटर चढ. नावेला सगळे लॉक पार करायला पाच-सहा तास लागतात. एक जोडपं तेच करत होतं. बाई हँडल घालून झडप उघडायच्या, दाराच्या लांबलचक दांडीला पाठ टेकून, पाय रोवून रेटायच्या, आणि यजमान सुकाणू धरून चहा पीत होते. आम्ही सर्वांत खालच्या गिअरवर पाव तासात वर. वर छोटा कॅफे आहे. शाकाहारी मंडळींनी विल्टशरचा लार्डी केक विचारून घ्यावा: दिसतो गोड पावासारखा, पण त्यात डुकराची चरबी असते.

डिव्हायझेसला रेल्वे नाही, ती १९६६ मध्ये बंद झाली. त्यामुळे इथवर आल्यावर पाय गळाले तर पंचाईत आहे, याचा विचार ब्रॅडफर्डलाच करा.

गाव सोडल्यावर काठची वाट गवत आणि चिखल होते. भावाला वाटत होतं जमेल. पावसाळी एप्रिलमध्ये नाही जमत. निळ्या पाट्यांवर लाल चौकोनात ४ आकडा दिसतो, तो सायकलमार्ग धरून रस्त्यावर या. ऑल कॅनिंग्ज, स्टँटन सेंट बर्नार्ड, ऑल्टन बार्न्स, विल्कॉट अशी खेडी लागतात. डावीकडच्या टेकडीवर १८१२ साली खडूच्या जमिनीत कोरलेला पांढरा घोडा बराच वेळ दिसत राहतो. रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे झुडपांचं उंच कुंपण, आणि वेगमर्यादा मात्र पुष्कळ ठिकाणी ताशी ६० मैल. वळणावर कान उघडे ठेवा, इयरफोन नकोत. घोडेस्वार दिसला तर मागूनच "हॅलो" म्हणा आणि लांबून जा, घंटीनं घोडा बुजतो. डबक्यातून जाऊ नका, हिवाळ्यातले खड्डे त्याच्याखाली असतात.

आणि काटे. १ मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत पक्ष्यांच्या घरट्यांसाठी कुंपणं छाटायला मनाई असते, त्यामुळे फेब्रुवारीत छाटणीची घाई होते आणि काटेरी काड्या पुढे कितीतरी दिवस रस्त्यावर पडून राहतात. भावाचं मागचं चाक विल्कॉटच्या अलीकडे बसलं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून अंगठा फिरवला, तर तांदळाच्या कणीएवढं काळं टोक लागलं. ते नखानं बाहेर काढल्याशिवाय नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली असती. दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या बरोबर हव्यात, कारण वाटेत दुकान नाही.

प्यूझीला गाड्या थोड्या आहेत, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. लंडनकडे थेट गाडी मिळते. बाथ किंवा स्विंडनला परतायचं तर आधी पश्चिमेला वेस्टबरीला जाऊन गाडी बदलावी लागते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलींना मोजकीच जागा असते, ती तिकिटाबरोबरच आरक्षित केलेली बरी. एप्रिलच्या मध्याला आठपर्यंत उजेड असतो, पण पुढचा-मागचा दिवा ठेवा. गारांच्या सरीत भर दुपारी लागतो.