बाईंचा हात ओढत होता

दुसरीतला मुलगा, वय ८, बोलत नाही. जूनमध्ये गणिताच्या तासाला रोज स्वतःचं मनगट चावायचा. चावला की त्याला वर्गाबाहेर न्यायचे, म्हणजे चावून त्याचं काम होत होतं. मग आम्ही तेच काम करून देणारं कार्ड शिकवलं. एडवर्ड कार आणि मार्क डुरांड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलेली वाट हीच: मूल वागण्यातून जे मागतं ते मागायची दुसरी सोय द्या, चावणं ओसरतं.

त्या कार्डावर माझा जीव. काढलेलं चित्र त्याला कळेना, म्हणून व्हरांड्यातल्या त्याच्या सतरंजीचाच फोटो घेतला. दोन इंची चौकोन. लॅमिनेशनचे कोपरे गोल कापले, कारण तो ते तोंडात घालतो. कार्डाला वेल्क्रोची मऊ बाजू, ते जिच्यावर चिकटवतात त्या पाटीला खरखरीत. हे सांगून सांगून मी थकलेय, तरी लोक उलटंच लावतात. कार्ड दिलं की दोन मिनिटं सतरंजीवर, मग परत वर्गात. ऑगस्टपर्यंत चावणं जवळपास थांबलं.

परवाच्या शुक्रवारी फोन: बाईंना चावला, रक्त आलंय, लगेच या.

ऑफिसात त्याची आई बाकाच्या कडेला, पिशवी मांडीवर, दाखला हातात देतील अशा तयारीने बसलेली. वर्गात गेले तर पाटी रिकामी. कार्ड बाईंच्या ड्रॉवरमध्ये, जप्त केलेल्या गोट्या-भोवऱ्यांशेजारी.

"एका तासात अकरा वेळा दिलं हो त्यानं. ४२ पोरं आहेत. शिकवू कधी?"

मी चिडले. पोराचं तोंड बांधलंत, असं काहीतरी बोलूनही गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला या वर्गात बसायचा हक्क दिलाय. ४२ पोरांत एकट्या बाईंनी ते जमवायचं कसं, हे त्यांच्यावरच सोडलंय.

मग तक्ता काढला. आधी काय झालं, तो काय वागला, नंतर काय झालं. पहिल्या रकान्यात बहुतेक जण 'अचानक' लिहून मोकळे होतात. त्याच्या शॅडो ताई, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहणाऱ्या मदतनीस, नवख्या, पण प्रामाणिक. बुधवारी त्यांनी लिहिलं होतं, 'काही नाही. बाईंचा हात ओढत होता.' गुरुवारीही तेच.

"कुठे ओढत होता?"

"टेबलाकडे."

दोन्ही तक्ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. गुरुवारी रात्री मी बघितलेही, आणि खाली अंगठा पाठवला.

आणि ते अकरा वेळा? मागायला शिकवलं की पुढे थांबायला शिकवायचं असतं. तासाला मोजकी कार्डं, मग हळूहळू कमी. जुलैच्या फायलीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. चावणं थांबल्याच्या आनंदात ते राहूनच गेलं.

सोमवारी चार कार्डं घेऊन गेले. बाईंनी पट्टी बांधलेल्या हाताने ती स्वतःच पाटीवर लावली. दहा मिनिटांत चारही संपली. तो रिकाम्या पाटीपुढे जरा वेळ उभा राहिला. मग माझा हात धरून ड्रॉवरकडे ओढू लागला.