माळ्यावरच्या कोपऱ्यातलं पिंप

गेल्या दिवाळीत माझ्या बेसन लाडवांचा डबा टेबलावरून उचलून खाली ठेवायला लावला, ते अजून डोक्यातून जात नाही. इंग्लंडात ब्रॅडफर्डला लागून असलेल्या शिपलीत आम्ही राहतो. आजूबाजूची मराठी कुटुंबं मिळून एक हॉल भाड्याने घेतो, फराळ विकतो आणि जमलेले पैसे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतो. मी दोन रात्री जागून शंभर लाडू वळले होते. तूप घरी कढवलेलं, बेसन मंद आचेवर हात भरून येईपर्यंत भाजलेलं. आणि हॉल सांभाळणाऱ्या बाई हातात कागद घेऊन आल्या: यात काय काय घातलंय ते लिहून लावल्याशिवाय विकायचं नाही. अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा गोष्टींची छापील यादीच त्यांनी पुढे केली. दूध, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी... म्हणजे आपला अख्खा फराळच त्यात आला.

"काजू वर लावलाय की, दिसतोय!" मी म्हटलं.

"दिसतं तेवढं पुरत नाही, लिहिलेलं हवं," त्या म्हणाल्या.

मला राग आला, आणि तो खोटा नव्हता. आपल्याकडे लग्नात पाचशे पानं उठतात, पण वाढप्याला कुणी भाजीतले जिन्नस विचारत नाही. आईच्या हातच्या लाडवाला चिठ्ठी लावायची म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखंच. त्यातून इथे ऑफिसात भारतातल्या मसाल्यांबद्दल, भेसळीबद्दल अधूनमधून ऐकून घ्यावं लागतं, ती सलही होतीच. माझा चेहरा बघून त्या बाई शेजारी बसल्या, स्वतःच्या पर्समधलं पेन दिलं आणि विचारलं, "हम्बग बिलीची गोष्ट ऐकली आहेस का? आमच्या ब्रॅडफर्डची आहे."

मी ऐकली नव्हती. सहा वर्षं इथे राहून ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्या आणि मिठाईची दुकानं एवढंच मला ठाऊक होतं. त्यानंतरचे तीन आठवडे मी हेच वाचत होते.

30 ऑक्टोबर 1858, शनिवार. ब्रॅडफर्डच्या बाजारात विल्यम हार्डेकर नावाचा माणूस गोळ्या विकायला बसायचा, त्यालाच लोक हम्बग बिली म्हणत; हम्बग म्हणजे पेपरमिंटची गोळी. शनिवारी संध्याकाळी घराकडे निघालेली माणसं पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी घेत. त्या काळात इंग्लंडात साखर महाग होती, तिच्यावर करही होता. म्हणून गोळ्या करणारे साखरेत स्वस्तातली पांढरी पूड मिसळत. तिला इथल्या बोलीत 'डॅफ' म्हणत. ती पूड म्हणजे जिप्सम भाजून केलेली, म्हणजे आपल्या ओळखीचं प्लास्टर ऑफ पॅरिस. हो, गणपतीच्या मूर्तींवरून आपण ज्याच्यावर इतकी वर्षं वाद घालतोय तेच. ते पोरांच्या तोंडात जात होतं आणि त्यात बेकायदेशीर काहीच नव्हतं!

हार्डेकरला गोळ्या पुरवणाऱ्या जोसेफ नीलने आपल्या घरी राहणाऱ्या जेम्स आर्चरला डॅफ आणायला पाठवलं, ते आमच्या शिपलीला. इथे चार्ल्स हॉजसन नावाचा औषधविक्रेता होता. तो त्या दिवशी आजारी, अंथरुणावर. दुकानात त्याचा मदतनीस विल्यम गोडार्ड. त्याने मालकाला विचारलं, डॅफ कुठे आहे? उत्तर मिळालं: माळ्यावर, कोपऱ्यातल्या पिंपात. गोडार्ड वर गेला, कोपऱ्यातल्या पिंपातून बारा पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो पांढरी पूड काढली आणि आर्चरच्या हवाली केली.

तो सोमल होता. आर्सेनिक, जहाल विष.

या जागेवर मी वाचताना बराच वेळ थांबले. शिपलीच्या रस्त्यांवरून मी रोज स्टेशनला जाते. कुणाच्या मनात खून नव्हता, वैर नव्हतं. एक आजारी मालक, एक सांगितलं ते करणारा पोऱ्या, एक निरोप्या. दोन पिंपं, दोन्हींत पांढरी पूड, आणि वर ठळक अक्षरांत नाव नाही. मालकाने वस्तूची फक्त जागा सांगितली होती.

गोळ्या वळणारा कारागीर अ‍ॅपल्टन. माल नेहमीसारखा दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. काम करता करता तो स्वतः आजारी पडला. तरी माल थांबला नाही. हार्डेकरनेही गोळ्या वेगळ्या दिसतात म्हणून घासाघीस केली आणि चाळीस पौंड माल कमी भावात पदरात पाडून घेतला. त्याने स्वतः एक गोळी खाल्ली, तोही आजारी पडला. विक्री चालूच. त्या रात्री पाच पौंड गोळ्या विकल्या गेल्या. एकेका गोळीत माणूस मारायला पुरेसा सोमल होता.

रविवारी सकाळी दोन मुलं गेली. आधी सगळ्यांना कॉलरा वाटला, कारण त्या काळी उलट्या-जुलाब म्हटलं की तेच मनात यायचं. पण अशीच माणसं गावभर आढळायला लागली, तेव्हा जॉन बेल या डॉक्टरला विषाचा संशय आला आणि फेलिक्स रिमिंग्टन या रसायनतज्ज्ञाने तपासून तो पक्का केला. मग दवंडी पिटली गेली, घंटा वाजवत माणसं गल्लीबोळांतून ओरडत फिरली: गोळ्या खाऊ नका. मला त्या घरांतल्या आया दिसतात. पुडी फडताळात ठेवलेली, अर्धी संपलेली, धाकटा झोपलेला. दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि वीसेक दगावली. त्यांत मुलं पुष्कळ.

आणि शिक्षा? कुणालाच नाही. हॉजसन, गोडार्ड आणि नील तिघांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप आला. दोघांवरचा खटला पुढे चाललाच नाही आणि हॉजसन डिसेंबरात यॉर्कच्या न्यायालयात निर्दोष सुटला. कायदा कुठला मोडला, हेच दाखवता येत नव्हतं. सोमलाबद्दल कायदा 1851 सालीच झाला होता: किरकोळ विकताना त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची म्हणजे रंगावरून कळेल, घेणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, अनोळखी माणसाला द्यायचा नाही. चांगला कायदा. पण इथे सोमल विकतोय हे विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं, तर वही कोण काढणार?

भेसळ चालते हे देशाला ठाऊक नव्हतं असंही नाही. फ्रेडरिक अ‍ॅक्युम या रसायनशास्त्रज्ञाने 1820 मध्येच त्यावर पुस्तक लिहिलं होतं. 1850 नंतर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आर्थर हॅसल सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातला माल तपासून विक्रेत्यांची नावं-पत्ते छापत होता, रंगीत गोळ्यांत शिशाचे रंग सापडत होते. संसदेची समिती बसून उठली. तरी पोरं मेल्यावरच हालचाल झाली. 1860 मध्ये भेसळीचा कायदा आला, पण तोही लेचापेचा, तपासनीस नेमणं गावाच्या मर्जीवर. विष कुणी आणि कसं विकायचं, त्यावर विष म्हणून चिठ्ठी लावायची, हे 1868 च्या कायद्याने नीट बांधून दिलं. साखरेवरचा कर 1874 मध्ये गेला. दात असलेला अन्नभेसळीचा कायदा यायला 1875 उजाडलं.

आपण स्वातंत्र्यानंतर सातव्या वर्षी, 1954 मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा केला. जगातलं सगळ्यात श्रीमंत साम्राज्य चालवणाऱ्यांना स्वतःच्या गावातल्या गोळीत काय आहे ते बघायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा आपण लवकर हललो, हे मी ऑफिसात आता ठामपणे सांगते. कुणी भेसळीवर बोललं की शिपलीचं पिंप काढते. मात्र दिवाळी आली की खव्यावर धाडी पडल्याच्या बातम्या मीही वाचते, आणि भावाला फोन करून पेढे कुठून आणलेस ते विचारते.

त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली: बेसन, तूप (दूध), पिठीसाखर, वेलची, काजू. पाच ओळी, दोन मिनिटं. चिवड्यावर शेंगदाणे, चकलीवर तीळ, शंकरपाळ्यावर मैदा. लाडू तासाभरात संपले. माझा राग काही तासाभरात संपला नाही, तो गोष्ट पूर्ण वाचेपर्यंत टिकला.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा आठवलं ते आमचं साताऱ्याचं स्वयंपाकघर. वरच्या फळीवर जुन्या बोर्नव्हिटाच्या बरण्या: एकीत पिठीसाखर, एकीत खायचा सोडा, एकीत कुटलेली तुरटी, एकीत झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर. सगळं पांढरं, कशावरच नाव नाही. आई गॅसपाशी उभी राहून बाबांना सांगते, "वरची फळी, डावीकडून दुसरी." लहानपणी मीही कितीदा त्या सांगण्यावर बरणी काढून दिली आहे.

त्याच रात्री फोन केला. आई म्हणाली, "अगं, मला माहीत असतं कशात काय आहे ते. चाळीस वर्षं हा संसार करतेय." मी म्हटलं, तुला माहीत असतं गं, पण तू आजारी पडून झोपलीस आणि बाबा बरणी काढायला गेले तर? ती गप्प झाली. मग मी तिला हॉजसनची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, आणि तिने मधे एकदाही बोलून थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोटो आला. ल्यूकोप्लास्टच्या पट्ट्या कापून सगळ्या बरण्यांवर लावलेल्या, निळ्या बॉलपेनने त्यांचं वळणदार अक्षर. बोरिक पावडरची बरणी फळीवर नव्हती. ती न्हाणीघरातल्या खिडकीत गेली होती, आणि तिच्यावर 'विष' असं दोन बाजूंनी लिहिलं होतं.