स्विच पोर्टवरचं इन आणि आउट: माझा अनुभव

ट्रॅफिकचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवणं, नेटवर्क स्विचवर (पीसी, सर्व्हर केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) एसएनएमपी, म्हणजे स्विचचे आकडे बाहेरून वाचायची सोय, चालू करणं, पोर्ट जोडणं हे सगळं विनासायास झालं. घोडं अडलं ते प्रत्येक पोर्टवर किती डेटा आत आला (इन) आणि किती बाहेर गेला (आउट) हे दाखवणाऱ्या ग्राफवर, आणि त्याचा वैताग अजून गेलेला नाही.

तयार टेम्प्लेटमध्ये सरसकट प्रत्येक पोर्टच्या इनला 'डाउनलोड' आणि आउटला 'अपलोड' असं लेबल होतं. बॅकअप सर्व्हरच्या पोर्टवर रोज रात्री 'अपलोड'चा डोंगर दिसायचा. सिक्युरिटीवाल्यांनी तिकीट टाकलं, बॅकअपमधला डेटा बाहेर चाललाय म्हणून! सर्व्हर तर त्या वेळी डेटा घेत होता. स्विच मोजतो तो स्वतःच्या बाजूने. केबलमधून स्विचमध्ये शिरलं ते इन, स्विचमधून केबलवर गेलं ते आउट. म्हणजे पोर्टला लावलेल्या सर्व्हरचं किंवा पीसीचं डाउनलोड स्विचच्या आउटमध्येच दिसणार. राउटरकडे जाणाऱ्या अपलिंकवर मात्र इंटरनेटचं डाउनलोड इनमध्ये येतं. तेवढ्या एका पोर्टवर टेम्प्लेट बरोबर ठरायचं, आणि सॉफ्टवेअरचे सपोर्टवाले दर वेळी नेमका तोच ग्राफ पुढे करून 'सगळं बरोबर आहे' म्हणायचे. सर्व्हरच्या पोर्टबद्दल विचारलं की उत्तरच नाही.

शेवटी दोन लॅपटॉप दोन मोकळ्या गिगाबिट पोर्टना लावले, पोर्टवरचे मोजणीचे काउंटर क्लिअर केले आणि आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) चालवलं. पाठवणाऱ्या लॅपटॉपच्या पोर्टवर इनपुट रेट ९०० एमबीपीएसच्या पुढे, आउटपुट अगदी किरकोळ, नुसत्या पोचपावत्यांचं. घेणाऱ्याच्या पोर्टवर बरोबर उलटं. रिव्हर्सचा पर्याय देऊन दिशा फिरवली, तसे दोन्ही पोर्टवरचे आकडेही फिरले. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट तिकिटाला जोडले आणि त्याच दिवशी तिकीट बंद झालं. ते बघून खरंच बरं वाटलं. सर्व्हर आणि पीसीच्या पोर्टवरची लेबलं मग आम्हीच बदलली. सपोर्टची वाट बघत बसू नका.

ही टेस्ट करण्याआधी एक करा: सिस्कोच्या स्विचवर रेट मुळात ५ मिनिटांच्या सरासरीने दाखवला जातो. लोड-इंटरव्हल (सरासरीचा कालावधी) ३० सेकंदांवर आणा, नाहीतर आकडा हळूहळू वर चढतो आणि खऱ्या वेगापर्यंत पोचायच्या आतच छोटी टेस्ट संपते.

सगळ्या पोर्टच्या इन आणि आउटची बेरीज जुळत नाही म्हणून घाबरू नका. एक ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांसाठी पाठवलेला डेटाचा तुकडा) एका पोर्टमधून आत येते आणि त्या व्हीलॅनच्या (स्विचवर केलेल्या पोर्टच्या गटाच्या) बाकी सगळ्या पोर्टमधून बाहेर पडते.

ग्राफ अचानक वेडावाकडा दिसला तर काउंटर ३२ बिटचा आहे का बघा. पूर्ण वेगाने चालणाऱ्या गिगाबिट पोर्टवर तो साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ६४ बिटचे काउंटर वापरा. त्यासाठी एसएनएमपीची निदान व्ही२सी आवृत्ती हवी.

दिशा कळली की बिघाडही लवकर सापडतो. सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या फ्रेम) इनच्या बाजूला वाढत असतील तर केबल किंवा पलीकडचं टोक तपासा. आउटला ड्रॉप (पाठवता न आल्याने टाकून दिलेला डेटा) वाढत असतील तर त्या पोर्टला झेपेल त्यापेक्षा जास्त ट्रॅफिक येतंय.