'ताई, टॅबलेट रोज किती वेळ द्यायचा?'

बौद्धिक अक्षमता असलेल्या 18 वर्षांवरील मुलामुलींच्या कार्यशाळेत मी विशेष शिक्षिका आहे. वर लिहिलेला प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

गाणी आणि खेळांसाठी दिलेल्या टॅबलेटला वेळेची मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या तरुणाला बोलता येत नाही किंवा ज्याचे बोलणे घराबाहेर कोणाला कळत नाही, त्याच्यासाठी तोच टॅबलेट बोलण्याचे साधन असतो. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो' या ॲपमध्ये चित्रावर बोट ठेवले की त्याचा अर्थ मराठीतही ऐकू येतो. असे साधन दुपारी अर्धा तास हातात देऊन पुन्हा कपाटात कुलूपबंद केले, तर उरलेल्या दिवसात पोट दुखले किंवा कोणाचा स्पर्श नकोसा वाटला, हे त्याने कसे सांगावे? दुसऱ्याच्या हातून आंघोळ आणि कपडे करून घ्यावे लागणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचा समावेश केला आहे.

चित्रांची सवय लागली तर मुलगा बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, अशी भीती अनेक आयांना वाटते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आढाव्यात, अशी साधने वापरल्यामुळे कोणाचेही बोलणे कमी झाल्याचे आढळले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

मात्र नुसता टॅबलेट देऊन काही साधत नाही. मोठ्यांनी त्याच्याशी बोलताना स्वतःही चित्रांवर बोट ठेवावे लागते, तरच त्याला ती भाषा वाटू लागते. शिवाय आपण 'पाणी', 'जेवण', 'शू' एवढीच चित्रे भरतो आणि 'नको', 'थांबा', 'मला राग आला' ही राहून जातात, कारण पहिली आपल्या सोयीची असतात. मित्रांचे आणि आवडत्या मावशीचे फोटोही त्यात असावेत, आणि ते घालताना त्यालाच विचारावे.

तो सारखा यूट्यूबवर जात असेल, तर आयपॅडमधील 'गाइडेड ॲक्सेस' किंवा अँड्रॉइडमधील स्क्रीन पिन करण्याची सोय वापरून एकच ॲप उघडे ठेवता येते. परवडत असेल तर करमणुकीसाठी दुसरे जुने उपकरण ठेवावे. बॅटरी संपते त्या वेळेसाठी याच चित्रांचा लॅमिनेट केलेला तक्ता त्याच्या पिशवीत कायम असू द्यावा.