भांडण परवडत नाही

दुपारी सगळीकडे सामसूम असते आणि तेवढ्यात नळ ठिबकायला लागतो. मोठ्या शहरात हा आवाज रहदारीखाली दबून जातो. लहान शहरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला मात्र तो पलंगावर पडल्या पडल्या मोजता येतो, आणि एकदा मोजायला लागलं की झोपेचं खोबरं. मग उठून नळ जोर लावून पिळणं आलंच. ते करू नये.

चार-पाच फेरे घेऊन बंद होणारा जुना नळ असेल तर आत रबरी वायसर असतो. तो झिजला की पाणी गळतं, बदलला की थांबतं. अर्धा इंची वायसर कुठंही मिळतो, आणि नाहीच मिळाला तर जाड रबराच्या तुकड्यातून कापून वेळ मारून नेता येते. पण हल्लीचे नळ पाव फेऱ्यात बंद होतात. त्यांच्या आत एकमेकींवर सरकणाऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, कार्ट्रिजमध्ये बसवलेल्या. टाकीतून आलेला वाळूचा कण त्यांच्यात अडकला की चकतीवर ओरखडा पडतो. मग कितीही पिळा, थेंब थांबत नाही. उलट आतला अटकाव तुटतो आणि ठिबकणारा नळ वाहायला लागतो.

नवं कार्ट्रिज घालणं हाच उपाय, आणि ते जुळावं लागतं. उंची, आटे, दांडीवरचे दाते 20 की 24, शिवाय उघडताना उजवीकडे फिरतं की डावीकडे, कारण गरम आणि गार पाण्याचे नळ अनेकदा उलट दिशांना उघडतात. एका दांड्याचा मिक्सर असेल तर 35 मिलिमीटरचं की 40 चं, ते बघायचं. म्हणून आधी खालचा कॉक बंद करायचा, बेसिनच्या भोकावर फडकं टाकायचं (स्क्रू तिथंच पडतो, दुसरीकडे कुठं पडतच नाही), आणि जुनं कार्ट्रिज खिशात घालून दुकानात जायचं. दुकानदार ते उलटसुलट बघतो.

‘ही कंपनी आपल्याकडे चालत नाही.’

‘मग?’

‘मागवून देतो.’

‘कधी येईल?’

‘माल आला की कळवतो ना.’

इथं नव्या माणसाचा पारा चढतो. एवढं साधं कार्ट्रिज नाही म्हणजे काय! पण दुकानदाराचं काही चुकलेलं नसतं. वाल्टर ख्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं 1933 साली दक्षिण जर्मनीतली गावं आणि शहरं अभ्यासून हेच मांडलं होतं. प्रत्येक वस्तूला आणि सेवेला काही किमान गिऱ्हाईक लागतं. तेवढं नसेल तर ती विकणाऱ्याचं पोट भरत नाही. दुसरी गोष्ट, माणूस त्या वस्तूसाठी किती लांब जायला तयार असतो. डोकेदुखीच्या गोळीसाठी कोपऱ्यापर्यंत, चष्म्यासाठी बाजारापर्यंत, कानाच्या शस्त्रक्रियेसाठी पुढच्या शहरापर्यंत. 24 दात्यांच्या त्या एका कंपनीच्या कार्ट्रिजला लहान शहरात वर्षाकाठी दोन गिऱ्हाइकं असतील. त्यातलं एक आपण.

या हिशोबातून एक गंमत निघते. लहान शहरात वस्तू मिळत नाहीत ही तक्रार फारशी खरी नाही. बहुतेक सगळं मिळतं, पण एकेकच मिळतं. पाण्याची मोटार बांधून देणारा एक. चांगला दंतवैद्य एक. जुनं शिलाई यंत्र दुरुस्त करणारा एक, तोही संध्याकाळी पाचनंतर. मोठ्या शहरात आपण एकाशी बिनसलं की दुसऱ्याकडे जातो, तिथं नाही पटलं तर तिसऱ्याकडे, आणि आपला स्वभाव तापट आहे हे कळायला वीस वर्षं लागतात. लहान शहरात दोन महिने पुरतात. प्लंबरला चार शब्द सुनावले की तो काही बोलत नाही, पिशवी उचलून जातो. मग इलेक्ट्रिशियन फोन उचलेनासा होतो. तो त्याचा मेहुणा असतो.

भांडण परवडत नाही, हे लहान शहराचं पहिलं कलम. घर दाखवणारा दलाल ते सांगत नाही.

त्याचं पोटकलम असं की तक्रार करताना माणसाचं नाव घ्यायचं नाही. ‘त्या अमक्यानं काम बिघडवलं’ असं ज्याच्यापाशी बोलावं, तो त्या अमक्याच्या वर्गात असतो, नाहीतर त्याचा भाडेकरू असतो. इंटरनेटवरच्या ताऱ्यांच्या भरवशावरही राहू नये. मोठ्या शहरातल्या दुकानाला हजारभर लोकांनी दिलेली मतं असतात, सरासरीला काही अर्थ असतो. इथं अकरा मतं असतात. त्यातली सात नातलगांची, तीन दुकान उघडलं त्या आठवड्यातली आणि एक रागाची. ती रागाची कोणी लिहिली हे सगळ्यांना माहीत असतं. माहिती हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून विचारावं, ‘तुमच्या स्वतःच्या घरी कोण येतं?’ ‘चांगला कोण?’ असं विचारलं तर भिडेपोटी कुणाचंही नाव सांगतात. स्वतःच्या घरी कोण येतं ते मात्र खरं सांगतात.

दुसरं म्हणजे ‘आमच्याकडे तिकडे’. हे दोन शब्द नवा माणूस दिवसातून किती वेळा वापरतो ते त्याचं त्याला कळत नाही. आमच्याकडे तिकडे हे रात्री बारापर्यंत उघडं असतं, आमच्याकडे तिकडे हे फोनवर होतं. ऐकणारा हसून मान डोलावतो आणि मनात म्हणतो, मग आलात कशाला? माझं तर मत आहे की पहिलं वर्षभर तुलना तोंडाबाहेर काढूच नये. मनात हवी तेवढी करावी.

वेगाचंही तसंच. मोठ्या शहरातून आलेला माणूस चालताना ओळखू येतो. मार्क आणि हेलन बोर्नस्टाइन यांनी निरनिराळ्या देशांतल्या शहरांत लोकांचा चालण्याचा वेग मोजला होता. 1976 साली ‘नेचर’मध्ये तो अभ्यास छापून आला. वस्ती जितकी मोठी तितकी पावलं भरभर, असं त्यांना दिसलं. नवा माणूस तोच वेग घेऊन येतो, सगळीकडे वेळेआधी पोचतो आणि बंद दारासमोर उभा राहतो. सगळं दहा मिनिटांवर असतं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. वाचलेल्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतरचा. बरेचजण तो वेळ फोन बघण्यात घालवतात आणि लहान शहरात करमत नाही म्हणतात.

लोक टक लावून बघतात, ही आणखी एक तक्रार. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1970 साली मांडलं होतं की महानगरात माणसांचा आणि घडामोडींचा इतका भडिमार होतो की निभाव लागण्यासाठी प्रत्येकजण बहुतेकांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. लहान शहरात तो भडिमार नसतो, त्यामुळे बघायला सवड असते. त्या बघण्यात वाईट हेतू क्वचितच असतो. ही गाडी कुणाची, ही कुणाच्या घरी आली, एवढंच कोडं सुटत नसतं. आपण होऊन मान हलवून हसलं आणि ‘पलीकडच्या गल्लीत राहायला आलोय’ म्हटलं की कोडं सुटतं आणि बघणं निम्म्यावर येतं. उरलेलं निम्मं कायम राहतं, त्याला इलाज नाही.

आता येण्याआधीच्या गोष्टी. घर विकत घेण्याची घाई करू नये, निदान एक वर्ष भाड्यानं राहावं. सगळे ऋतू एकदा अंगावरून जाऊ द्यावेत. सुट्टीत, छान हवेत, दोन दिवस येऊन शहर बघितलं म्हणजे लग्नाच्या पोशाखात माणूस बघितल्यासारखं होतं. बघायचंच तर सर्वांत वाईट मोसमात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर. रस्त्यावर दिवे कुठपर्यंत आहेत, बाहेर जाणारी शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते, पाणी रोज येतं की दिवसाआड, आणि आलं तर वरच्या मजल्यावर जोर किती असतो. पाण्याचा कठीणपणा तपासून घ्यावा. लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते अति कठीण समजतात. असल्या पाण्यानं गीझरमध्ये क्षाराचे थर बसतात, आणि तापमान 60 अंशांच्या वर ठेवलं तर भराभर बसतात. स्वस्तातल्या पेनासारख्या मीटरवर जो टीडीएस दिसतो तो वेगळा. त्यात सगळे विरघळलेले क्षार येतात, त्यावरून कठीणपणा नेमका कळत नाही. आणि टीडीएस मुळात कमी असेल तर केवळ सवयीपोटी आरओ लावू नये. ते यंत्र बरंचसं पाणी नालीत सोडतं.

घरून काम करणाऱ्यांची पहिली चिंता इंटरनेटची. जोडण्या दोन घ्याव्यात हे सगळेच सांगतात. पण दोन्हींच्या तारा एकाच खांबावरून येत असतील तर त्या दोन नव्हेत, एकच. खांब पडला की दोन्ही जातात. खिडकीतून तार कुठं जाते ते डोळ्यांनी बघावं. दुसरी जोडणी मोबाइलच्या डेटाची असलेली बरी. वेग दुपारी मोजू नये, रात्री आठ ते दहामध्ये मोजावा, आणि डाउनलोडइतकाच अपलोडही बघावा. आपला चेहरा समोरच्याला गोठलेला दिसतो तो अपलोडपायी. वीज गेल्यावर चालावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावतात आणि तरी इंटरनेट बंदच राहतं, कारण भिंतीवरच्या फायबरच्या डबीला वेगळी वीज लागते ते लक्षात येत नाही. दोन्ही उपकरणं त्या यूपीएसवर हवीत, आणि दोन्हींचे व्होल्ट त्याच्याशी जुळायला हवेत.

सामान हलवताना पुस्तकं लहान खोक्यांत भरावीत, एका खोक्यात पंधरा-सोळा किलोंच्या वर नको. मोठ्या खोक्याचा तळ नेमका जिन्यात सुटतो. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात धरून ठेवायला मागून लांब बोल्ट लावतात. ते मशीन नवं आलं तेव्हाच कचऱ्यात गेलेले असतात. त्यांच्याशिवाय नेलं तर ड्रमचे आधार सुटतात, आणि मशीन पहिल्याच फेऱ्याला बाथरूमभर चालत सुटतं. कंपनीचा माणूस पुढच्या शहरातून आठवड्यातून एकदा येतो. तोही एकच. फ्रिज आडवा आणला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवावा, कंप्रेसरचं तेल खाली उतरू द्यावं, मग चालू करावा. इथं घाई करून लोक फ्रिज बिघडवून घेतात.

आणि एक फळी सुट्या भागांची करावी. प्रत्येक नळाचं एक जादा कार्ट्रिज, गीझरचं एलिमेंट आणि थर्मोस्टॅट, फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह, पंख्याचा कपॅसिटर, जादा चष्मा, आणि रोजच्या औषधांचा डॉक्टर देतील तेवढा साठा. मोठ्या शहरात दुकान हीच आपली फळी असते, इथं ती घरात असावी लागते. पंखा हळू फिरायला लागला की बहुतेकदा कपॅसिटरच गेलेला असतो, आणि तो बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. मात्र मेन स्विच बंद करून. फळी भरलेली असली की कारागिराशी बोलताना आवाजही आपोआप खाली येतो. तो दोन दिवसांनी आला तरी चालणार असतं.

मैत्री कशी होते याबद्दल मी फार सांगू शकत नाही. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाच्या 2018 च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास आणि जिवलग मैत्रीला 200 च्या वर तास लागतात असं निघालं. लहान शहरात हे तास रांगेत, वाचनालयात, व्यायामशाळेत, त्याच वेळी त्याच जागी जाऊन भरतात. वेळ बदलत राहिलं तर भरत नाहीत. एवढं पुरे.

राहता राहिलं ते दवाखान्याचं, आणि इथं हसण्यासारखं काही नाही. घर ठरवण्याआधी हे विचारावं: सीटी स्कॅनचं यंत्र शहरात आहे का, आणि रात्री दोन वाजता ते चालवणारा माणूस कुठं राहतो? पक्षाघात झाल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डोक्यात रक्तस्राव नाही हे स्कॅननं दिसल्याशिवाय ते देता येत नाही. हे तास रुग्णाला शेवटचं ठणठणीत बघितलं तेव्हापासून मोजतात, जाग आली तेव्हापासून नाही. हृदयविकाराचा झटका आला तर अँजिओप्लास्टी जिथं होते तिथं किती वेळात पोचता येतं? ते दोन तासांत जमणारं नसेल तर आधी जवळच गुठळी विरघळवण्याचं औषध देतात. ते इथं कोण देतं? मेंदूचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, असं कुणी कौतुकानं सांगितलं तर उरलेल्या पाच दिवसांचं विचारून घ्यावं. दवाखान्याचा, अँब्युलन्सचा आणि शक्य झालं तर त्या स्कॅनवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवावा. निघण्याआधी फोन करावा, म्हणजे आपण पोचेपर्यंत यंत्र सुरू झालेलं असतं.

स्कॅनवाला शेजारच्याच गल्लीत राहत असेल, तर गाडी लावण्यावरून त्याच्याशी काही झालंय का ते एकदा आठवून बघावं.