आकारापाशी अडलेला आवाज

घसा धरला त्याचे पहिले दोन दिवस मी गाणे पूर्ण बंद ठेवले, आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. नुसते गिळताना दुखत असेल आणि बोलण्याचा आवाज स्वच्छ असेल, तर हलका रियाज बहुधा निभावतो. माझा आवाज मात्र घोगरा झाला होता, म्हणजे सूज स्वरतंतूंपर्यंत पोहोचली होती.

तिसऱ्या दिवशी पेल्यातल्या पाण्यात नळीचे टोक दोन बोटे बुडवून, बुडबुडे एकसारखे येत राहतील अशा बेताने, मधल्या पट्टीतला एक स्वर धरला. तोंडाची वाट अशी अरुंद झाली, की हवेचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत जाणवतो आणि ते एकमेकांवर कमी जोराने आदळतात. ओठ मिटून केलेल्या गुंजनानेही बरेचसे हेच साधते. पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीनदा, एवढेच मी करत होते.

खरे अडले ते आकारापाशी, म्हणजे तोंड उघडून ‘आ’वर स्वर लावण्यापाशी. मिटल्या ओठांनी अलगद लागणारा स्वर तोंड उघडताच फाटू लागला. आधी नुसती हवा सुटायची आणि स्वर मागाहून यायचा. जोर लावला की तो लागत असे, म्हणून पाचव्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी वीस मिनिटे तोच स्वर रेटला. संध्याकाळी बोलणेही बसले, आणि चूक सर्वस्वी माझीच असल्याने चिडायला दुसरे कोणी नव्हते. त्यात मी कुजबुजत बोलू लागले, पण त्यानेही गळ्यावर ताण येऊ शकतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोललेले बरे.

सुजलेले स्वरतंतू मोठ्या आवाजात वेळ मारून नेतात, वरच्या पट्टीत हळू गाताना मात्र उघडे पडतात. म्हणून त्यानंतर रोज सकाळी वरचा एक स्वर अगदी हलका लावून पाहायचा आणि तो अडखळला, तर त्या दिवशी नळीच्या पुढे जायचे नाही, असे ठरवले. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही. आणि घसा बधिर करणारी गोळी चघळून तर गाऊच नये, कारण थांबायला सांगणारी वेदनाच तिने दबते. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

माझ्यावर ती वेळ आली नाही. दहाव्या सकाळी गुंजनातूनच ओठ हळूहळू उघडत गेले, आणि हवा न सुटता आकार लागला. त्या दिवशी मी तेवढ्यावरच थांबले.