जावईबापूंच्या गाडीची काच

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आमच्या अमळनेरच्या गल्लीत गाड्यांची रांग लागते. समोरच्या वहिनींचे जावई धुळ्याहून बायकोला न्यायला आले होते. साडेपाचला ऊन जरा उतरलं तशी पोरं बॅट घेऊन बाहेर पडली. नाशिकहून आलेला माझा नऊ वर्षांचा नातू, भाडेकरूचा दहा वर्षांचा मुलगा आणि आणखी दोघं-तिघं. मी ओट्यावर गहू निवडत होते.

फटका भाडेकरूच्या मुलाचा होता. गाडीची मागची काच तडा जाऊन थांबत नाही, साबुदाण्यासारखी सांडते. पोरं अनवाणी. आधी सगळ्यांना उचलून ओट्यावर घेतलं, मग खराटा. आठ दिवस फरशीच्या फटीतून दाणे निघत होते.

जावई आवाज न चढवता म्हणाले, "काकू, घर तुमचं, भाडेकरू तुमचा, खेळ तुमच्या दारात. खर्च तुम्हीच द्यायचा. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल." तीस वर्षांचा शेजार. वहिनी खाली मान घालून उभ्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी ओळखीच्या वकिलांकडे गेले. सोबत घरपट्टीची पावती नेली होती. त्यांनी ती न बघताच बाजूला ठेवली. घर कुणाचं याचा इथे संबंध नाही, म्हणाले. गल्ली नगरपालिकेची. भाडेकरूच्या मुलानं केलेलं नुकसान घरमालकावर येत नाही. आई-बापसुद्धा नुसते आई-बाप म्हणून देणं लागत नाहीत, लक्ष ठेवण्यात हयगय झाली हे दाखवावं लागतं. पोलिसांचं म्हणाल, तर जाणूनबुजून नुकसान केलं असेल तरच भारतीय न्याय संहितेचं कलम 324 लागतं. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा होतच नाही, सात ते बारामध्ये त्याला समज किती होती ते बघतात.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बॉल कोणता होता?"

सीझनचा. लाल, टणक. नातवाला त्याच्या मामानं दिलेला. रोज पोरं टेनिसच्या बॉलनं खेळतात, त्यानं काच फुटली नसती.

"तुम्हाला दिसला होता?"

दिसला होता. बघितला आणि मी गहूच निवडत राहिले.

"मग हयगयीचा प्रश्न तुमच्याकडे येतो. घरमालकीण म्हणून नाही. नातू तुमच्या ताब्यात होता आणि मोठं माणूस म्हणून समोर तुम्हीच होतात."

हे मला पटलं, आणि लागलंही.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलो. गॅरेजचा अंदाज 6,200 रुपये. जावयांच्या गाडीला पूर्ण विमा होता, म्हणून क्लेमचाही हिशेब केला. काचेला घसारा, म्हणजे जुनी झाल्याची कपात, धरत नाहीत, पण छोट्या गाडीला पहिले 1,000 आपलेच जातात, म्हणजे मिळणार 5,200. त्यांना मात्र पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे हप्त्यात 50 टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, होता. एक क्लेम, की तो शून्यावर येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा 20 पासून सुरुवात. ही सूट मिळते तो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता त्यांना सूट धरण्याआधी 7,400 च्या आसपास. त्यावर दोन वर्षांतच 5,900 चं नुकसान. विम्याचा विषय तिथेच मिटला.

पैसे रोख हातात द्यायचे नाहीत, हे वकिलांनी बजावलं होतं. ते गॅरेजच्या बिलावर थेट भरले. वहीच्या पानावर तारीख, गाडीचा नंबर, रक्कम आणि "याबाबत पुढे कसलीही मागणी नाही" एवढं लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून वहिनींनीच सही केली.

भाडेकरू मात्र ऐकेना. पोरगं माझं, सगळे पैसे मीच भरतो, म्हणाला. दुकानात कामाला जाणारा माणूस, दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर. त्याच्याकडून 3,100 च घेतले, उरलेले मी भरले. बॉल माझ्या घरातला होता.